शिष्यवृत्तीचं राहूनच गेलं

नर्सिंग-मेडिकलच्या पोरांनी आनंदी कसं राहावं, यावरचा तुमचा लेख वाचला. त्यात झोप, व्यायाम, मैत्री सगळं आलं; शिष्यवृत्तीचा हप्ता कधी जमा होतो, हे मात्र राहिलं. माझी पोरगी यवतमाळकडे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करते. कापूस विकला की फी, नाही तर कॉलेजच्या ऑफिसातून फोन. रात्रपाळी करून आलेली पोर झोपायचं सोडून महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज कुठं अडकला ते पाहत बसते. काय व्यायाम करणार?

मैत्रीचा मुद्दा मात्र पटला. परीक्षेत रूममेटनं घरच्या डब्यातली भाकर अन् ठेचा पुढं सरकवला, तेव्हा कुठं ती जेवली. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात नवे विद्यार्थी सुरुवातीलाच गांधीजींच्या आश्रमात एकत्र राहतात. बाकीकडं टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर चिकटवला की झालं!