सोब्रेमेसा, म्हणजे हात वाळेपर्यंत बसणं

मागच्या आठवड्यात आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, की स्पेनमध्ये लोक दुपारी दुकानं बंद करून झोपतात आणि म्हणून तो देश जर्मनीच्या मागे राहिला वगैरे, आणि खाली काकांनी मला विचारलं, काय गं, खरंय का हे? तेव्हा मी घाईत नुसतं "नाही हो काका" लिहून सोडून दिलं, पण ते डोक्यातून जातच नाहीये. सहा महिने झाले मी दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरात शिकतेय, भाड्याच्या फ्लॅटमध्ये तीन स्पॅनिश मुलींबरोबर राहतेय, आणि मला जे दिसतंय ते या फॉरवर्डच्या पार उलट आहे. म्हणून आज बसून लिहितेय. मोठी पोस्ट आहे, सवडीने वाचा.

आधी ते झोपेचं बघू. आमच्या बिल्डिंगच्या खाली सुई-दोरा, बटणं, लोकर, चेन असं सगळं मिळणारं एक छोटं दुकान आहे, बाई एकटीच चालवतात, वय साठीच्या जवळ. दुकान सकाळी १० ते २, मग संध्याकाळी ५ ते ८.३०. दुपारी शटर खाली, हे खरंय. पण त्या बाई २ वाजता काय करतात माहितीये का? बस पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला साइदीन नावाच्या वस्तीत घरी जातात, कारण इथे शाळा २ ला सुटते आणि दोन नातवंडं जेवायला आजीकडे असतात, सकाळी भिजवून ठेवलेल्या मसुराला फोडणी देतात, सगळ्यांना जेवायला घालतात, भांडी होतात, आणि परत बस पकडून ५ ला शटर वर. रात्री घरी पोचायला नऊ-सव्वानऊ. मी विचारलं तुम्ही सिएस्ता, म्हणजे दुपारची झोप, घेता का, तर म्हणाल्या, रविवारी, सोफ्यावर, वीस मिनिटं. यांना आळशी म्हणायचं? कायद्याने आठवड्याला ४० तास काम हे १९८३ पासून आहेच, फक्त दिवस मधोमध चिरलेला आहे, आणि त्याचा त्रास यांनाच होतो, संध्याकाळ अशी हातात उरतच नाही. याबद्दल इथली तरुण मुलं खूप चिडून बोलतात आणि त्यांचं बरोबर आहे.

आणि उशिरा जेवण्याचं म्हणाल तर त्यात घड्याळाचाच घोळ आहे. नकाशा काढून बघा, स्पेन जवळजवळ सगळा लंडनच्या पश्चिमेला आहे, आधी वेळही लंडनचीच होती. १९४० च्या मार्चमध्ये इथला हुकूमशहा फ्रँको याने घड्याळं एक तास पुढे करून बर्लिनच्या वेळेला लावली, ती आजपर्यंत तशीच आहेत. उन्हाळ्यात त्यात अजून एक तासाची भर पडते, म्हणजे जून-जुलैमध्ये ग्रानादात सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सव्वादोन वाजून गेलेले असतात. शेतात राबलेला माणूस सूर्य डोक्यावर आला की भाकरी सोडतो, आपल्याकडे तसं आणि इथेही तसंच, फक्त इथल्या घड्याळात तेव्हा दोन-अडीच होतात. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण पहिले पंधरा दिवस मी एक वाजल्यापासून उपाशी बसायचे आणि दीडला हॉटेलात गेले तर किचन अजून चालू झालेलं नसायचं.

पण मला खरं लिहायचंय ते जेवण झाल्यानंतरच्या वेळेबद्दल.

फेब्रुवारीत माझी एक फ्लॅटमेट मला रविवारी तिच्या आजीकडे घेऊन गेली. गाव हाएन जिल्ह्यातलं, बसमधून जाताना दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत ऑलिव्हची झाडं, रांगेत, लाल मातीत, दुसरं काहीच नाही. जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल या एका जिल्ह्यात निघतं. घर जुनं, दगडी, आत बाहेरपेक्षा जास्त गारठा. मधल्या खोलीत एक गोल टेबल आणि त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, आपल्या गोधडीएवढं जड. मला आजींनी बसवलं आणि ते कापड उचलून माझ्या मांडीवर घातलं, तर आतून एकदम ऊब! टेबलाच्या खाली मधोमध फळीला गोल खाच असते आणि त्यात विजेचा हीटर, पूर्वी तिथे पितळेच्या परातीत निखारे ठेवायचे, थोडक्यात आपली शेगडी. त्याला ब्रासेरो म्हणतात आणि टेबलाला मेसा कामिया. सगळं घर ते कापड कमरेपर्यंत ओढून त्या एका टेबलाभोवती बसतं, पाठीला थंडी आणि पाय शेकतायत, त्यामुळे उठून जावंसं कुणालाच वाटत नाही. आपण शेकोटीला बसतो ना, तसंच, पण जेवणासकट.

आजींनी माझ्यासाठी हरभरे आणि पालकाची भाजी केली होती, जिरं आणि लसूण घालून, भरपूर तेलात. मांस खात नाही हे नातीने फोनवर सांगून ठेवलं होतं. (हे सांगावं लागतं, आणि दोनदा सांगावं लागतं, कारण इथे "मांस नको" म्हटलं तरी भाजीत हामोनचे बारीक तुकडे येऊ शकतात, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, पण लोकांच्या लेखी ते मांसात मोजतच नाहीत, आपण मीठ घालतो तितक्या सहज ते पडतं. तीन-चार वेळा मी नुसता पाव आणि टोमॅटो खाऊन उठलेय.) जिऱ्याचा तो वास आला आणि मला काही सुचेना. मिरजेहून निघून तेव्हा पाच महिने झाले होते.

जेवण ३.३० ला संपलं. मी सवयीने माझी ताटली उचलली आणि मोरीकडे निघाले तर आजींनी माझं मनगट धरलं. घट्ट. "बस गं पोरी." ताटल्या तशाच राहिल्या, संत्री आली, मग कॉफी, मग तळलेले मधातले गोड तुकडे, आणि सगळे बोलत बसले. मामा, मामी, त्यांचा मुलगा, शेजारच्या एक बाई ज्या नुसत्या डोकावायला आल्या आणि दोन तास बसल्या. पाऊस, ऑलिव्हचा भाव, कुणाचं लग्न, मला प्रश्न, आमच्याकडे आजीला काय म्हणतात, हळद कशी दिसते. आमच्या सांगलीला हळदीची केवढी मोठी पेठ आहे हे मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं तर मामांनी पोतं केवढं, भाव काय, दलाल किती घेतो इथपर्यंत विचारलं. शेतकऱ्याला शेतकऱ्याचंच सुचतं. आम्ही उठलो तेव्हा ६.३० वाजले होते. तीन तास! याला शब्द आहे, सोब्रेमेसा. सोब्रे म्हणजे वर, मेसा म्हणजे टेबल. जेवण झाल्यावर टेबलावर जो वेळ जातो त्याला यांनी नाव दिलंय.

त्याच दिवशी कळलं की आजी १९६२ ला, लग्नाआधी, जर्मनीत कापडाच्या कारखान्यात कामाला होत्या. त्या काळात आंदालुसियातून, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागातून, लाखो माणसं अशी बाहेर पडली, जर्मनीला, फ्रान्सला, स्वित्झर्लंडला, बार्सिलोनाकडे, कारण इथे जमीन मोजक्या घरांची आणि बाकीचे मजूर. आजी म्हणाल्या, तिथे पैसे चांगले मिळायचे, माणसंही वाईट नव्हती, पण जेवायला अर्धा तास. भोंगा झाला की खायचं, भोंगा झाला की उठायचं, शेजारी कोण बसलंय तेही बघायचं नाही. "परत आले तेव्हा ठरवलं, माझ्या घरात भोंगा वाजणार नाही." हे ऐकताना माझ्या डोळ्यात पाणी आलं, लपवलं नाही मी.

म्हणून काका, हे आळशी लोक नाहीत. उपाशी राहिलेली, देश सोडून राबलेली, परत येऊन उभी राहिलेली माणसं आहेत, आणि त्यांनी दिवसातला एक तुकडा कामाला द्यायचा नाही असं ठरवलंय. तो तुकडा सांभाळायला सगळे मिळून कष्ट घेतात. तुम्ही बारमध्ये जेवत असाल तर अनोळखी माणूस दारातून जाता जाता "के आप्रोवेचे" म्हणतो, म्हणजे अन्न अंगी लागू दे. प्लंबर, बँकेतला क्लार्क, विद्यापीठातले प्रोफेसर, सगळे त्याच बारमध्ये तेच रोजचं ताट घेतात, दोन पदार्थ, पाव, पाणी किंवा वाइन, शेवटी गोड किंवा कॉफी, आणि एकटा आलेला माणूससुद्धा काउंटरवरच्या माणसाशी बोलत जेवतो. माझी हाएनची फ्लॅटमेट दर रविवारी रात्री घरून येते तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि डबे जास्त. डब्याला तापेर म्हणतात, प्रत्येक आईचे तापेर आणि प्रत्येक आईचं एकच वाक्य, डबे परत आण. आणि पाच लिटरचा तेलाचा कॅन, गावच्या सोसायटीतून काढलेला, हिरवट, घशाला झोंबणारा. आमच्या घरी घाण्यावरून शेंगतेलाचा डबा यायचा आणि आजी झाकण उघडून आधी वास घ्यायची, अगदी तसाच ती घेते.

रांगेचं पण सांगते. दवाखान्यात किंवा मंडईत गेलात की रांग दिसतच नाही, माणसं कुठेही बसलेली. आत शिरायचं आणि मोठ्याने विचारायचं, शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं. झालं, आता तुम्ही शेवटचे, पुढचा येईल त्याला तुम्ही हात दाखवायचा, तोपर्यंत कुठेही बसा, गप्पा मारा. रेशनच्या दुकानात पिशवी ठेवून नंबर लावतात तसं, फक्त पिशवीच्या जागी माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा. पहिल्यांदा विचारताना माझा आवाज फुटेना, आता मीच सगळ्यांच्या आधी विचारते.

सगळं गोड आहे असं अजिबात म्हणायचं नाहीये मला. एका सरकारी ऑफिसात राहण्याच्या कागदासाठी मला चार चकरा मारायला लावल्या, प्रत्येक वेळी नवीन झेरॉक्स, आणि ऑनलाइन अपॉइंटमेंट मिळेपर्यंत महिना गेला, त्या दिवसांत मी रात्र रात्र झोपले नाही. तरुणांना नोकऱ्या नाहीत, बेकारी युरोपात सगळ्यात जास्त असलेल्या देशांत स्पेन आहे, भाडी परवडत नाहीत, आईवडिलांचं घर सोडायला सरासरी तिशी येते. आणि त्या टेबलावर आजी तीन तास बसल्या खऱ्या, पण स्वयंपाक सकाळपासून त्यांनीच केला होता, कॉफी मामींनीच आणली. हे मी फ्लॅटमेटला बोलले तर ती म्हणाली, म्हणूनच तर आम्ही रस्त्यावर उतरतो. यंदा ८ मार्चला, महिला दिनाच्या मोर्चाला, तिच्याबरोबर गेले, सगळीकडे जांभळा रंग, शाळकरी मुलींपासून काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत.

त्या रात्री मला आईचं आठवत राहिलं. आमच्या घरी आई शेवटी जेवते. बाबा आणि आम्ही भावंडं जेवून उठायचो, बाबा टीव्ही लावायचे, आणि ती ओट्यापाशी उभ्यानेच, पातेल्यात उरलेलं ताटात घेऊन, दहा मिनिटांत. आमच्याकडे वेळ नाही असं कुणी म्हणू नका, टीव्हीला दोन तास आहेत. आणि आपल्याकडेही होतंच की हे, लहानपणी आजोळी पंगत उठली तरी मामा लोक खरकट्या हातांनी बसून राहायचे, हात वाळून पांढरे व्हायचे आणि गोष्ट संपायची नाही, आणि आजी सगळ्यांना ओरडायची, अरे हात वाळले, उठा! तो वेळ होता आपल्याकडे, त्याला नाव मात्र नव्हतं, आणि तो पुरुषांचाच होता, आजी त्यात नव्हती, ती ओरडायला तेवढी यायची.

मी घरी फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, रविवारी तुमच्या जेवणाच्या वेळेला व्हिडिओ कॉल करते, इथे सकाळचे ९ म्हणजे मिरजेत दुपारचे १.३०, फोन टेबलावर तांब्याला टेकवून ठेवा आणि आई तू पण बस, भाकऱ्या आधीच करून ठेव, गार झाल्या तर झाल्या. आई म्हणाली, गार भाकरी बाबांना चालत नाही. मागून बाबांचा आवाज, चालेल.

परवाच्या रविवारी बसले दोघं. मी इकडे पाव, टोमॅटो आणि ते हिरवं तेल, ते तिकडे भाकरी आणि भरलं वांगं. जेवण झालं, आई सवयीने उठायला लागली, ताट हातात. बाबा म्हणाले, बस जरा, ती बोलतेय ना. आई बसली. मग तिने शेजारच्यांच्या घराचं सांगितलं, मावशीच्या गुडघ्याचं, आणि कधी नव्हे ते तिच्या कॉलेजचं, नाटकात काम केलं होतं ते, जे मला चोवीस वर्षांत माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. सव्वातीन झाले असतील, मी स्क्रीनवर बघितलं, तिचा उजवा हात ताटावर तसाच होता, वाळलेला, पांढरा, आणि ती बोलतच होती.