उंचीच बघायची होती तर मुलांना खेळवलंत कशाला?

आज दुपारी चौदा वर्षांखालच्या निवडक फुटबॉल संघाची यादी ग्रुपवर आली, तेव्हापासून डोकं फिरलंय. भाच्याचं नाव नाही. ठीक आहे, सगळ्यांची नावं येत नाहीत. पण चाचणीच्या दिवशी मी मैदानाबाहेर उभी होते. लीगमधल्या वेगवेगळ्या टीमची, एकमेकांना कधी पास न दिलेली पोरं बिब घालून मैदानात सोडली. भाचा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला, त्याला टाकलं मागे बचावात, लेफ्ट बॅकला. वही घेतलेल्या सरांनी त्याला विचारलं काय, तर "उंची किती रे तुझी?"

अहो, तो डिसेंबरचा आहे! वयाची कट-ऑफ 1 जानेवारी. त्याच्यासमोर जानेवारीतली, मिसरूड फुटलेली मुलं. त्या वयात वर्षभराचं अंतर म्हणजे काय, हे घरात पोरं असलेल्यांना सांगायला नको. कॅनडात रॉजर बार्न्सली यांनी आइस हॉकीत हेच 1985 साली दाखवून दिलं होतं. अंगाने थोराड पोर निवडलं जातं, मग त्याला चांगले कोच मिळतात, जास्त सामने मिळतात आणि ते खरंच पुढे जातं. मागे राहिलेल्याला कुणी विचारत नाही.

आणि कोचच्या मुलांचं काय? त्यातला एक सुरेख खेळतो, मान्य. बाकीच्यांबद्दल सगळे पालक कुजबुजतात, पण तोंड उघडत नाहीत, कारण उद्या आपलंही पोर त्यांच्याच हाताखाली खेळणार असतं. वर्षभर लीगमध्ये कोण कसं खेळलं याची नोंद ठेवायला काय जातं? एका सकाळच्या चाचणीवर सगळं ठरवायचं?

निवड करणारे फुकट वेळ देतात, शिव्या खातात, हेही खरं. कुणी मुद्दाम दुष्टपणा करतं असं मला म्हणायचं नाही.

पण भाच्याने यादीचा फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा वरून खाली वाचला, ते मी पाहिलंय. मग म्हणाला, "मावशी, मी वर्षभरात वाढेन ना?" खेळाबद्दल एक शब्द नाही! पोराला वाटतंय, कमी पडली ती उंची. आणि सर म्हणतात पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तो त्याच्या वर्षातला सगळ्यात लहानच असणार ना?

उपाय नाही असंही नाही. नेदरलँड्समध्ये फुटबॉलच्या निवडकर्त्यांवर केलेला एक प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या जन्मतारखा सांगून त्यांच्यात फरक पडला नाही. शर्टांवरचे नंबर वयाच्या क्रमाने दिले, तेव्हा मोठ्या मुलांकडचा कल गेला. नंबरच बदलायचे आहेत, खर्च कसला त्यात?

समितीला पत्र लिहितेय. वयाच्या क्रमाने नंबर, प्रत्येकाला त्याच्या जागेवर खेळवणं, स्वतःचं मूल चाचणीत असेल त्या कोचला मत नाही, आणि न निवडलेल्या प्रत्येक मुलाला कारण सांगणं. सही करायची असेल त्यांनी आज रात्रीपर्यंत मेसेज करा. मुलगा निवडला गेलेल्यांनीही करा.