चरबी लावलेल्या केसांवर रंग चढेना

एप्रिलमधली गोष्ट. एक जुनी गिऱ्हाईक केस रंगवायला आली. दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीचं लग्न होतं. सोलापुरात अशोक चौकाजवळ मी पंधरा वर्षं पार्लर चालवते. केसांतून हात फिरवला की काय लावलंय ते बहुतेक वेळा कळतं. या वेळी कळेना. दिसायला तुकतुकीत, पण बोटांना मेणबत्ती चोळल्यासारखे. "काय लावलंस गं?" म्हटलं, तर हसली. "अक्का, केमिकल नाही काही. बोकडाची चरबी. तीन आठवडे झाले. आणि सकाळी दोनदा धुऊन आलेय."

घाई होती. मी पुन्हा न धुता रंग लावला, ही माझी चूक. चाळीस मिनिटांनी धुतला, तर कपाळाजवळ रंग बसलेला, मध्ये बसलेलाच नाही, टोकांना ठिपके. बिचारी आरशात बघून रडायला लागली.

तिनेच मग फोनमधला तो मेसेज दाखवला. तुमच्याही ग्रुपवर किंवा रीलमध्ये आला असेल. सारांश असा: कंडिशनर फेकून द्या, बोकडाची चरबी घरी कढवून बाम करा. चरबी आणि आपल्या त्वचेचं तेल एकच, म्हणून केस ती 'ओळखतात'. पूर्वज हेच लावायचे. तिच्यात अ, ड, ई, के जीवनसत्त्वं आहेत, ती मुळांना मिळतात आणि एकवीस दिवसांत गळती थांबते. कोंडा जातो. केमिकल नसल्यामुळे अपाय नाही, आणि वर्षभर टिकतो.

यातली एक गोष्ट खरी आहे. चरबीने केस मऊ लागतात. हे मला मेसेज यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे, आणि तेही केसांमुळे नाही, सुतामुळे.

आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर, घरात तेलुगू. आजोबांना ताता म्हणायचो. ताता गिरणीत सायझिंग खात्यात होते. मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा सारखा घासला जातो, म्हणून विणण्याआधी त्याला खळ देतात. कढईत स्टार्च शिजवायचा आणि त्यात बेताची मटण टॅलो, म्हणजे शेळ्यामेंढ्यांची चरबी टाकायची. नुसत्या स्टार्चने सूत कडक होऊन तुटतं, चरबीने ते लवचिक राहतं, गुळगुळीत सरकतं. ताता घरी आले की त्यांच्या सदऱ्याला त्या खळीचा वास यायचा. आजी तो सदरा वेगळा भिजवायची.

म्हणजे निर्जीव तंतूला चरबी मऊ करते, हे सोलापूरला कुणी रीलमधून शिकवायला नको. पण गिरणीत गोष्ट तिथे संपत नव्हती. विणून झालेल्या कापडातली खळ आधी काढायची आणि मग ते कॉस्टिक सोड्यात उकळायचं, नाहीतर, तातांच्या भाषेत, "कापड पाणी पीत नाही, रंग धरत नाही." चरबी राहिलेला टॉवेल अंग पुसत नाही, नुसता फिरवतो. माझ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं. रंग केसात शिरायला पाणी लागतं, आणि पाण्याला चरबीने दार लावून घेतलेलं. फरक एवढाच की माणसाचं डोकं कॉस्टिकमध्ये उकळता येत नाही.

आता 'चरबी आणि त्वचेचं तेल एकच' हे घ्या. डोक्याच्या त्वचेतून जे तेल पाझरतं त्याला सीबम म्हणतात, आणि लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ चरबीच. रीलवाले हे सांगतात, आणि बरोबर सांगतात. पण नाव ठेवणाऱ्याने दिसण्यावरून नाव ठेवलं, रचना तपासून नव्हे. सीबममध्ये निम्म्याहून थोडा जास्त भाग ट्रायग्लिसराइड (साधं तेल-तूप ज्याचं बनलेलं असतं ते) आणि त्यांच्यातून सुटलेली फॅटी ॲसिडं असतात. सुमारे 25 टक्के मेणासारखे एस्टर आणि 12 टक्क्यांच्या आसपास स्क्वालीन नावाचं पातळ तेल. कढवलेली चरबी म्हणजे जवळजवळ सगळं ट्रायग्लिसराइड. मेण-एस्टर नाहीत, स्क्वालीन नावापुरतंही नाही. माणसाच्या सीबममधल्या एका मुख्य फॅटी ॲसिडचं नावच सॅपिएनिक आहे, आपल्या 'होमो सेपियन्स' वरून. ते बोकडात शोधायला जाऊ नका. आणि केसांनी 'ओळखणं' वगैरे तर सोडूनच द्या. त्वचेबाहेरचा केस मेलेला असतो, तो कोणाला ओळखत नाही.

(प्राण्यापासूनच काही हवं असेल तर लॅनोलिन आहे. ते मेंढीच्या त्वचेतून पाझरणारं, लोकरीवरचं मेण, आणि त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही, कातरली की झालं. पण माणदेशात इतक्या मेंढ्या असून त्याचं रील कुणी करत नाही.)

कंडिशनर आणि चरबी यांचं काम एकच आहे, हा गैरसमज मात्र जरा सविस्तर सोडवायला हवा, कारण सगळा मेसेज त्यावर उभा आहे. केसावर कौलांसारखे खवले असतात. उन्हाने, रंगाने, ओढून विंचरल्याने ते उचकटतात, आणि तिथे ऋण विद्युतभार जास्त होतो. कंडिशनरमध्ये धन भाराचे घटक असतात. बाटलीच्या मागे बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड असं लिहिलेलं दिसेल. ते जिथे केस जास्त झिजलाय तिथे जास्त चिकटतात, बाकीचं पाण्याबरोबर निघून जातं. चरबीला असला काही भार नाही. तिला झिजलेलं टोक आणि कपाळाजवळचा कोवळा केस दोन्ही सारखेच. जिथे बोट लागेल तिथे थर.

खोबरेलालाही भार नसतो, मग ते कसं चालतं? खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक ॲसिड असतं. त्याच्या रेणूची साखळी आखूड आणि सरळ, ती केसात शिरते. मॅरिकोच्या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना छापली होती. धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने कमी केलं. मॅरिको स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनच ते वाचायचं. पण साखळीच्या लांबीचं कारण पटण्यासारखं आहे. चरबीत मुख्यतः लांब साखळ्या: ओलेइक, पामिटिक, स्टिअरिक. शिवाय खोबरेल 24-25 अंशांना वितळतं, तर बोकडाची चरबी चाळिशी ओलांडल्यावर. डोक्याची त्वचा 34-35 अंशांची. म्हणजे खोबरेल डोक्यावर पातळ होऊन पसरतं आणि चरबी तिथे अर्धवट गोठलेली बसते. तेच ते मेणबत्तीसारखं लागणं. कोणी म्हणेल, आम्ही बामात अर्धं खोबरेल घालतो. मग केस चांगले झाले तर श्रेय बोकडाला का?

मी स्वतः करून पाहिलं, उगाच बोलत नाही. अर्धा किलो चरबी आणली, बारीक तुकडे केले, मंद आचेवर दोन तास कढवली, फडक्यातून गाळली. शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलं. एका मुलीने कापून ठेवलेली वेणी होती, रंग न लावलेली. तिचे दोन भाग केले, एकाला चरबी, एकाला खोबरेल, सारखंच. रात्रभर ठेवले, सकाळी एकाच शांपूने एकदा धुतले, वाळवले. मग टिश्यू पेपरात ठेवून वरून कोमट इस्त्री दाबली. खोबरेलाच्या बाजूला फिका डाग आला, चरबीच्या बाजूला पेपर आरपार दिसायला लागला. ही काही प्रयोगशाळा नव्हे, पण माझ्या गिऱ्हाइकांना दाखवायला पुरे.

पूर्वजांबद्दल. चरकसंहितेत चार स्नेह सांगितले आहेत: तूप, तेल, वसा आणि मज्जा. वसा म्हणजे चरबीच. तेव्हा 'आपल्याकडे चरबी कधी वापरली नाही' असं मी म्हणणार नाही. पण तिथे वसा सुचवली आहे ती जखमेला, मोडलेल्या हाडाला, कानाच्या आणि डोक्याच्या दुखण्याला वगैरे. केस मऊ करायला नाही. नामिबियातल्या हिंबा बायकांचे फोटो या मेसेजबरोबर फिरतात. त्या लोण्याची चरबी आणि लाल माती यांचा लेप लावतात, हे खरं. पण तो लेप त्या केसांवर ठेवतात. त्यांना तो रोज शांपूने काढून, मोकळे सोडून ऑफिसला जायचं नसतं. आणि आपल्या आज्यांचं म्हणाल तर माझ्या आजीच्या फडताळात खोबरेल, एरंडेल आणि शिकेकाई होती. चरबीचा सदरा तर ती लांबून उचलायची.

जीवनसत्त्वांचा मुद्दा तीन वाक्यांत संपतो. अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो, चरबीत सगळी मिळून ती थोडी असतात. आणि मेलेल्या केसाला जीवनसत्त्व चोळणं म्हणजे वाळलेल्या ओंडक्याला खत घालणं. मुळं त्वचेच्या आत असतात, त्यांना पोषण रक्तातून मिळतं.

एकवीस दिवसांत गळती थांबल्याचे अनुभव खोटे असतील असं नाही. दिवसाला 50 ते 100 केस गळणं नेहमीचं आहे. मोठा ताप, बाळंतपण किंवा ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि पुढे काही महिन्यांत आपोआप थांबतात. बाई घाबरते ती गळती शिगेला पोचल्यावर, आणि बामही तेव्हाच लावते. त्यानंतर गळती कमी होणारच होती. बामाच्या जागी सिद्धेश्वर तलावाचं पाणी लावलं असतं तरी झाली असती. लोह कमी असेल किंवा थायरॉइड असेल, तर मात्र चरबी चोळण्यात गेलेले दोन महिने वाया जातात. माझ्याकडे येणाऱ्या विडी वळणाऱ्या बायकांमध्ये फिकट नखं मी रोज बघते, आणि त्यांना मी पार्लरमधून सरळ रक्त तपासायला पाठवते.

कोंड्याचं तर उलटंच आहे. कोंड्यात मालासेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो. ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि तेलावर जगते. ट्रायग्लिसराइड फोडून ती फॅटी ॲसिडं खाते आणि ओलेइक ॲसिड मागे ठेवते. ज्यांची त्वचा त्याला चिडते, त्यांना खाज सुटते, पापुद्रे येतात. चरबीत ओलेइक ॲसिड आधीच भरपूर, 40 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बुरशीला जेवण आणि डोक्याला खाज, दोन्ही एका डबीत. पहिले दोन दिवस कोंडा गेल्यासारखा वाटतो, कारण पापुद्रे चिकटून बसतात, खांद्यावर पडत नाहीत. कोंडा जास्तच असेल तर बुरशीवरच्या कीटोकोनाझोल या औषधाचा शांपू डॉक्टरांना विचारून घ्या. त्या गिऱ्हाइकाच्या कपाळावर केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची रांगही होती. केसांना लावलेल्या चोपड्या पदार्थांमुळे येणाऱ्या या पुटकुळ्यांना 1970 सालापासून 'पोमेड ॲक्ने' असं नावच आहे.

राहिलं 'केमिकल नाही आणि वर्षभर टिकतो'. माझी बरणी एप्रिलच्या उन्हात दुपारी पातळ व्हायची, रात्री गोठायची. आठवड्यात रवाळ झाली, तिसऱ्या आठवड्यात खवट. खवट म्हणजे चरबीचं हवेशी मिळून विघटन सुरू झालं, आणि त्यात जे तयार होतं तेही केमिकलच. मेसेजमध्ये वर गुलाबपाणी आणि कोरफडीचा गर घालायला सांगितलाय. चरबीत पाणी घातलं की जंतूंची सोय झाली. त्यावर उपाय म्हणून ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडायला सांगतात. तिने खवटपणा थोडा लांबतो, जंतू मरत नाहीत.

आणि हे सगळं सोलापुरात. नळाला काही दिवसांआड पाणी, मधले दिवस बोअर नाहीतर टँकर. बोअरच्या जड पाण्यात साबणाने चरबी काढायला गेलात, तर पाण्यातला कॅल्शियम साबणाशी जुळून चिकट साका होतो आणि तो पुन्हा केसांवरच बसतो. रंगाच्या त्या दिवशी तिचे केस मोकळे करायला मला चार वेळा शांपू आणि चार बादल्या पाणी लागलं. एरवी एकीत भागतं.

अजून एक. मध्ये एका बाईने घरी केलेल्या 'नॅचरल बाम'च्या डब्या माझ्याकडे विकायला ठेवायला आणल्या. आत काय आहे ते डबीवर कुठेच नव्हतं. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकी लिंगायत घरांतल्या आहेत, त्यांच्या डोक्याला न सांगता चरबी? मी डब्या परत दिल्या.

लग्नाच्या त्या गिऱ्हाइकाचा रंग रात्री साडेनऊला दुसऱ्यांदा लावला, तो नीट बसला. लग्नात फोटो छान आले म्हणे. उरलेली डबी तिने सासऱ्यांना दिली. ते अजून दोन माग चालवतात. मागाच्या चामडी पट्ट्याला लावली, आता पट्टा चिरत नाही म्हणतात. अजून असेल तर दे, असा निरोप मला आला होता. मी माझी बरणी पाठवून दिली.