नुसतीच टक टक

गोव्यातला गॅस ओव्हन वर्षाचे अकरा महिने कपाट असतो. आत कढया, तवे, इडलीपात्राचा खालचा अर्धा भाग आणि कुठल्याच डब्याला न बसणारी झाकणं सुखाने नांदतात. नाताळ तोंडावर आला की बेबिंकाचा, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोड पदार्थाचा, बेत ठरतो, भांडी बाहेर येतात, नॉब फिरतो आणि ओव्हन नुसतीच टक टक करत राहतो. घरात तज्ज्ञांची वाण पडत नाही. एकाच्या मते गॅस संपला, दुसऱ्याच्या मते मशीनच गेलं. मेकॅनिक फोनवर म्हणतो, "फाल्यां येतां," म्हणजे उद्या येतो. कुठल्या महिन्यातलं फाल्यां, ते विचारायचं नसतं.

'पेटत नाही' या दोन शब्दांत तीन वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. ठिणगी पडत नाही. ठिणगी पडते पण गॅस येत नाही. किंवा पेटतो, पण नॉब सोडला की विझतो. यातली आपली कुठली, हे न बघता पाना हातात घेणाऱ्यांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वरची शेगडी पेटवून बघा. तीही मिणमिणत असेल तर दोष सिलिंडर, रेग्युलेटर किंवा नळीत. ओव्हन मागे ढकलून भिंतीला चिकटवला की नारिंगी नळी हमखास मुडपते. ओव्हन चार बोटं पुढे ओढल्यावर 'बिघाड' गेला, असं बऱ्याच घरांत होतं. मागे वाकलाच आहात तर नळीवरची तारीखही वाचा; पाच वर्षं झाली असतील तर बदला.

ठिणगीचा शत्रू म्हणजे आपली हवा. जून ते सप्टेंबर इथे मीठसुद्धा डब्यात पाझरतं, तिथे ठिणगी पाडणाऱ्या कांडीचं, म्हणजे इलेक्ट्रोडचं, पांढरं चिनीमातीचं नळकांडं कोरडं कसं राहणार? ओल किंवा तेलकटपणा असला की ठिणगी बर्नरवर न पडता भलतीकडेच उडते. फडक्याने पुसा, हेअर ड्रायरने वाळवा, टोक आणि बर्नर यांत तीन ते पाच मिलिमीटर अंतर आहे ना ते बघा. टक टकही ऐकू येत नसेल तर प्लग किंवा सेल तपासा. काही मॉडेलांत वीज जाऊन आल्यावर घड्याळ लावल्याशिवाय ओव्हन दादच देत नाही, आणि वीज जाण्याच्या बाबतीत आपण गरीब नाही.

ठिणगी चोख, पण गॅसचा वासच नाही? मग सिलिंडर बंद करून ओव्हनच्या तळाचा पत्रा काढा. बर्नरच्या मुळाशी पितळी जेट, म्हणजे गॅस सोडणारं तोंड असतं, त्याचं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक. कोळी तिथे जाळं करतो आणि कुंभारीण माशीला तर कुठलंही भोक रिकामं दिसलं की बांधकामाचा परवाना मिळाल्यासारखं वाटतं. जेट कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, फुंकर मारा, उजेडाकडे धरून बघा. सुई घालू नका. पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं की पिवळी, काजळी धरणारी ज्योत पदरात पडते. पाइपच्या गॅसचा जेट सिलिंडरवर लावला तरी हीच गत.

सगळ्यांत जास्त शिव्या खाणारा भाग मात्र थर्मोकपल. ज्योतीत टोक तापलं की तो जेमतेम 20 ते 30 मिलिव्होल्ट वीज तयार करतो आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. म्हणूनच पेटल्यावर नॉब 10 ते 15 सेकंद दाबून ठेवायचा असतो; आपण तीन सेकंदांत सोडतो आणि कंपनीचा उद्धार करतो. धीर धरूनही विझत असेल तर टोक बघा. कढई कोंबताना ते वाकून ज्योतीबाहेर गेलेलं असतं, किंवा त्यावर काजळी असते. झिरो पॉलिश पेपरने हलकेच घासा, टोक ज्योतीत आणा, मागचा नट हाताने बसवून पान्याने पाव फेराच आवळा. तरीही विझला तर थर्मोकपल बदलायचा.

काडीने पेटवायचा असेल तर दार आधी उघडा, काडी आधी ओढा, नॉब नंतर. एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. पहिला प्रयत्न फसला तर नॉब बंद करून दार पाच मिनिटं उघडं ठेवा. या पाच मिनिटांत घाई करणाऱ्यांच्या भुवया जातात. घरात वास भरला असेल तर काडी नाही, दिव्याचं बटणही नाही. सिलिंडर बंद, खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन.

जोड उघडला असेल तर शेवटी त्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर पुन्हा आवळा.

आणि हो, बेबिंकाचा प्रत्येक थर वरच्या आचेवर भाजतात. पूर्वी हांडीच्या झाकणावर निखारे ठेवायचे ते त्यासाठीच. म्हणजे तुम्हाला हवा आहे तो वरचा ग्रिल बर्नर. त्याचा जेट वेगळा असतो आणि बहुतेक ओव्हनमध्ये थर्मोकपलही वेगळा. तेव्हा खालचा पत्रा उचकटण्याआधी एकदा वर बघा.