भिडे वाडा पडेपर्यंत आपण काय करत होतो?

बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीच्या मंदिरासमोर आले की आजही माझा संताप अनावर होतो. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी ज्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, तो भिडे वाडा इथे उभा होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो पोलीस बंदोबस्तात एका रात्रीत जमीनदोस्त झाला. सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंची याचिका फेटाळल्यावर जागा स्मारकासाठी मोकळी झाली, याविषयी माझी तक्रार नाही. स्मारक व्हायलाच हवे. राग येतो तो याचा, की जागा हाती येईपर्यंत सांभाळण्याजोगे तिथे फारसे काही उरूच दिले नाही. वर्षानुवर्षे तारखा पडत राहिल्या आणि तेवढे सगळे पावसाळे त्या वाड्याने अंगावर घेतले. खाली दुकाने चालू होती, वरचा मजला ढासळत होता. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त तिथे हार घातले जात, भाषणे होत. खटला चालू असताना निदान छप्पर तरी शाबूत ठेवा, असा आग्रह आपण सगळ्यांनी मिळून का धरला नाही? ज्या जागेमुळे मी आज चार ओळी लिहू शकते, ती जागा माझ्या डोळ्यांदेखत कुजत गेली, आणि हे मला सहन होत नाही.

वाडा कसा मरतो, हे पेठेत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. दगडी जोते, त्यावर विटा-मातीच्या भिंती आणि सगळा भार पेलणारा सागवानी सांगाडा, अशी ही बांधणी कोरडी राहिली तर दोन-दोनशे वर्षे टिकते. पण एखादे कौल फुटते, पन्हळ पालापाचोळ्याने तुंबते, पाणी भिंतीत मुरते आणि भिंतीत गेलेले तुळईचे टोक आतून कुजू लागते. त्याच फटीत पिंपळ रुजतो. मग कोणीतरी घाईघाईने सिमेंटचा गिलावा मारतो, आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि भिंत आणखी लवकर भुसभुशीत होते. हे सारे थांबवायला सुरुवातीला एक कारागीर, थोडी कौले आणि दोन दिवस पुरतात, आणि तेवढेच नेमके कोणी करत नाही!

आमच्या आळीतल्या वाड्यासाठी मी तीन वर्षे अर्ज घेऊन फिरले. मालक म्हणतात, येणाऱ्या भाड्यात एक तुळईही बदलून होत नाही, आणि त्यांचे खोटे नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तीही त्या जुन्या, क्षुल्लक रकमेवर. भाडेकरू म्हणतात, दुरुस्तीसाठी एकदा खोली सोडली की परत आत येता येणार नाही, आणि त्यांची भीतीही खरी आहे. महापालिकेच्या कार्यालयात गेले तर खासगी मालमत्तेत आम्हाला लक्ष घालता येत नाही, असे उत्तर मिळाले. दुरुस्तीच्या वेळी हात वर करणारे हेच कार्यालय पावसाळा तोंडावर आला की ‘धोकादायक’ म्हणून नोटीस लावायला मात्र बरोबर हजर होते. छप्पर शाकारायला ज्यांना अधिकार नव्हता, त्यांना वाडा रिकामा करायला सांगायचा अधिकार कुठून मिळतो?

आणि जुन्या वास्तू टिकतच नाहीत, हे मला कोणी ऐकवू नये. दुसऱ्या बाजीरावाचा १८०७ चा विश्रामबागवाडा इथून थोड्या अंतरावर आहे. १८७९ च्या आगीत त्याचा पूर्वेकडचा भाग जळाला, तरी त्याचे कोरीव लाकडी दर्शनी रूप आजही बाजीराव रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते, कारण त्याला कोणीतरी वाली होता. ज्या वाड्यात पेशवा राहिला नाही, ज्यात फक्त चार कुटुंबे, एक चौक आणि एक हौद आहे, त्याला वाली कोण?

परवा आमच्या आळीतल्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यावर यंदाची नोटीस चिकटवलेली दिसली. वर पाहिले, तर तीन वर्षांपूर्वी मी अर्जात लिहिलेला पिंपळ आता मनगटाएवढा जाड झाला आहे आणि कौले तशीच फुटलेली आहेत.