पिस्तुलाची सेफ्टी 'पाच मिनिटांत' दुरुस्त होते?

पिस्तुलाची सेफ्टी (गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेला खटका) घरच्या घरी ठीक करण्याचा एक नुस्खा सध्या भरपूर फॉरवर्ड होतोय. थोडक्यात तो असा: सेफ्टी लागत नसेल, तर ती बिघडली. मग तेल सोडा, स्प्रिंग वाकलेली दिसली तर सरळ करा, तरी घट्ट वाटलं तर कानस मारा. 'टक्' आवाज आला की काम झालं. खात्रीसाठी गोळी भरा, सेफ्टी लावा आणि चाप ओढून बघा. आणि शेवटी दिलासा: एवढं करून नाहीच जमलं तरी बिघडत नाही, बोट चापाबाहेर असलं की सेफ्टीची गरजच काय?

सुरुवात त्या भरल्या पिस्तुलापासूनच करायला हवी. ज्या भागावर संशय आहे त्याच्याच भरवशावर गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खाचेत, जिथून ती उडते) ठेवायची, ही चाचणी नव्हे. सेफ्टी खरोखर नादुरुस्त असेल, तर निकाल गोळी सुटूनच कळणार. मॅगझिन बाहेर, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, एवढं झाल्याशिवाय कुठलीही तपासणी सुरू होत नाही.

आता 'टक्'. हा आवाज येतो तो सेफ्टीच्या बाहेरच्या खटक्याला जागेवर धरणाऱ्या छोट्या प्लंजरचा, म्हणजे स्प्रिंगने दाबलेल्या खिळीचा. खटका वर बसला, एवढंच तो सांगतो. आत काय अडलं, याचा त्याला पत्ताच नसतो. '१९११' या कोल्टच्या जुन्या मॉडेलच्या पद्धतीच्या पिस्तुलात खटक्याच्या आतल्या बाजूचा उंचवटा सिअरच्या (चढवलेला घोडा अडकवून धरणाऱ्या भागाच्या) शेपटाआड येतो आणि सिअरला हलू देत नाही. घोडा (मागून आपटणारी हातोडी, चाप नव्हे) सुटत नाही तो त्यामुळे. हा उंचवटा झिजलेला असेल, तरी प्लंजर नेहमीसारखा खणखणीत वाजतो.

मग आतलं कळायचं कसं? रिकाम्या १९११ वर जुने कारागीर असं करतात: घोडा चढवायचा, सेफ्टी लावायची, मूठ घट्ट धरून (मागची ग्रिप सेफ्टी दाबली गेली पाहिजे) चाप नेहमीपेक्षा जरा जोरात ओढायचा आणि सोडायचा. बोट बाहेर काढून सेफ्टी उतरवायची. घोडा पडला, तर सेफ्टी नादुरुस्त हे उघडच, पिस्तूल बाजूला ठेवा. नाही पडला, तरी थांबायचं नाही. घोडा अंगठ्याने किंचित मागे ओढायचा आणि कान द्यायचा. बारीकशी टिक् आली, तर चाप ओढल्यावर सिअर थोडा सरकला होता आणि आत्ता परत जागेवर बसला. म्हणजे सेफ्टी त्याला पूर्ण धरत नाही. काहीच ऐकू आलं नाही, तर निदान या बाबतीत ठीक आहे.

निदान या बाबतीत, असं मुद्दाम म्हटलं. ही सेफ्टी सिअर अडवते, फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी पिन) नाही. जुन्या रचनेचं १९११ नळीच्या तोंडावर जोरात आपटलं, तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे जाऊन गोळी उडू शकते, सेफ्टी लागलेली असली तरी. कोल्टने १९८३ मध्ये १९११ च्या सीरिज ८० आवृत्तीत पिन अडवणारा वेगळा भाग घातला तो याच कारणाने. उलट बेरेटा ९२ एफएस या पिस्तुलाची सेफ्टी स्लाइडवर असते. ती लावली की घोडा आपोआप खाली येतो आणि चापाचा संबंध तुटतो. दोन्हींना एकच नुस्खा लावायचा म्हणजे कमाल आहे.

'लागत नाही म्हणजे बिघडली' हेही तसंच. १९११ आणि सीझेड ७५ मध्ये घोडा खाली असताना सेफ्टी लागतच नाही. रचनाच तशी आहे. आधी घोडा चढलेला आहे का ते बघा. निम्म्या तक्रारी तिथेच संपाव्यात, असा माझा अंदाज.

तेलाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सुकलेलं जुनं तेल आणि बारुदाची काजळी यांनी खटका जड होतो, हे खरं. पण त्यावर उपाय सफाई आहे. काजळीवर नवं तेल ओतलं की दोन दिवस बरं वाटतं, मग तिचाच चिखल होतो.

स्प्रिंगचा सल्ला मात्र खरोखर घातक. १९११ च्या फ्रेमवर डाव्या बाजूला, ग्रिपच्या (मुठीच्या) पट्टीच्या वरच्या कडेला एक बारीक नळी असते. तिच्यात दोन टोकांना दोन प्लंजर आणि मध्ये एक स्प्रिंग. मागचा प्लंजर सेफ्टीचा, पुढचा स्लाइड स्टॉपचा (स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या खटक्याचा). ही स्प्रिंग मध्येच जराशी वाकडी दिसते. ती मुद्दाम वाकवलेली असते, नळीला घासून आत अडकून राहावी आणि पिस्तूल उघडताना उडून जाऊ नये म्हणून. ती सरळ करणारा चांगला भाग बिघडवून ठेवतो. खटका खरंच ढिला असेल तर ती नळीच फ्रेमवर हलते आहे का ते बघा. ती फ्रेमला ठोकून बसवलेली असते आणि कालांतराने सैल होते. ग्रिपची पट्टी नवी बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर आधी ती काढून बघा. पट्टी खटक्याला घासत असेल. दोन्ही बाजूंना खटका असलेल्या सेफ्टीत मधला सांधा झिजतो आणि एका बाजूचा खटका पूर्ण वर असताना दुसरा अर्धाच राहतो.

आणि कानस. सेफ्टीचा उंचवटा आणि सिअर यांचा मेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत बसवलेला असतो. खटका हलका लागेपर्यंत घासलं, की तो सिअर अडवेनासा होतो, आणि गेलेला धातू परत येत नाही. सिअरला हात लावला तर त्याहून वाईट: घोडा अर्धवट पकडला जातो, स्लाइड बंद होताच खाली येतो. नवा चाप किंवा सिअर बसवल्यावर सेफ्टी पुन्हा जुळवावी लागते, पण ते काम आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या प्रशिक्षित कारागिराचं.

नुस्ख्यात एक गोष्ट आलीच नाही: चेंबरमध्ये गोळी असताना सेफ्टी अडकली तर? १९११ मध्ये सेफ्टी स्लाइडलाही कुलूप घालते, त्यामुळे ती उतरल्याशिवाय गोळी काढता येत नाही. मॅगझिन काढा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि हातोडी, पक्कड लांब ठेवा. पिस्तूल घेऊन फिरू नका, आर्मररलाच बोलवा.

राहिला 'बोट बाहेर'चा मुद्दा. ग्लॉकला वेगळा खटका नाही, हे खरं, पण तिच्यात तीन आपोआप चालणाऱ्या सेफ्टी आहेत. सगळी रचनाच तशी केलेली आहे. घोडा चढवून बाळगायच्या पिस्तुलाची सेफ्टी मोडणं म्हणजे ते ग्लॉक होणं नव्हे. शिवाय बोटाचा नियम, जो पाळायलाच हवा, एक गोष्ट गृहीत धरतो: चाप ओढल्याशिवाय गोळी सुटत नाही. सिअर झिजला की नेमकं तेच खोटं ठरतं. रायफलींमधलं उदाहरण आहे. रेमिंग्टनने एप्रिल २०१४ मध्ये एक्स-मार्क प्रो चाप असलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन परत मागवल्या, कारण जुळणीत जास्त लागलेल्या चिकट द्रव्यामुळे त्या चापाला हात न लावताही सुटू शकत होत्या. मालकांना तेव्हा कंपनीने सांगितलं, ते वापर ताबडतोब बंद करायला.

आर्मररकडे नेताना पिस्तूल रिकामं करा आणि शेवटचा कुठला भाग बदलला, कुणी बदलला, हे लिहून द्या. कानस मारली असेल, तर तेही.