“डिसॅबिलिटीचे पैसे टॅक्स-फ्री असतात”: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींत एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं असं: डिसॅबिलिटी इन्शुरन्सवर (आजाराने किंवा अपघाताने काम थांबलं की दरमहा पैसे देणारा विमा) टॅक्स नसतो, चेकमधून टॅक्स कापला नाही म्हणजे तो लागूच नाही, सोशल सिक्युरिटीने (अमेरिकी सरकारची पेन्शन आणि अपंगत्व-लाभाची योजना) अपंगत्व मान्य केलं की विमा कंपनीला पैसे द्यावेच लागतात, आणि नाकारलेच तर अपिलात वेळ न घालवता थेट कोर्टात जा. आजारपणाने आधीच टेकीला आलेलं घर यावर विसंबलं तर मोठा फटका बसतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“टॅक्स नसतो.” हे ठरतं हप्ता कोणी भरला यावर. आजार किती गंभीर आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हप्ता तुम्ही नोकरी करता त्या कंपनीने भरला असेल तर मिळणारा लाभ पूर्ण टॅक्सेबल. तुम्ही टॅक्स भरून उरलेल्या पगारातून भरला असेल तर लाभ टॅक्स-फ्री. फसगत होते ती मधल्या प्रकारात: हप्ता तुमच्याच पगारातून, पण प्री-टॅक्स, म्हणजे टॅक्स मोजण्याआधी, कापला जात असेल, तर कायद्याच्या लेखी तो कंपनीनेच भरलेला असतो. दोघांनी मिळून भरला असेल तर प्रमाण लागतं. कंपनीचा वाटा ६० टक्के आणि लाभ महिना ५,००० डॉलर असेल, तर ३,००० टॅक्सेबल. पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) ‘एलटीडी’ची, म्हणजे लाँग-टर्म डिसॅबिलिटी विम्याची, ओळ प्री-टॅक्स रकान्यात आहे की पोस्ट-टॅक्स, ते आजच पाहा. काही ठिकाणी कंपनी हप्ता भरते, पण तो तुमच्या पगारात उत्पन्न म्हणून धरते. मग लाभ टॅक्स-फ्री ठरतो. वर्षाअखेरच्या डब्ल्यू-२ वर (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा फॉर्म) बॉक्स १२ मध्ये ‘जे’ कोडसमोर जी रक्कम असते, ती टॅक्स न लागणारी.

“कापला नाही, म्हणजे लागू नाही.” सर्वात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. विमा कंपनी मालकाची एजंट म्हणून नव्हे तर स्वतः पैसे देत असेल, तर तिने फेडरल इन्कम टॅक्स आपणहून कापावा असं बंधन नाही. तुम्ही डब्ल्यू-४एस फॉर्म भरून दिला तरच ती कापते. मात्र सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) यांच्या टॅक्सचे ७.६५ टक्के टॅक्सेबल लाभातून आपोआप जातात, तेही काम थांबलं त्या महिन्यानंतरचे फक्त सहा महिने. शेवटचं काम मार्चमध्ये केलं असेल आणि टॅक्सेबल लाभ ४,००० डॉलर असेल, तर एप्रिल ते सप्टेंबर दरमहा ३०६ डॉलर कापले जातात आणि ऑक्टोबरपासून चेक एकदम पूर्ण ४,००० चा येतो. घरातल्यांना वाटतं टॅक्स माफ झाला. प्रत्यक्षात इन्कम टॅक्स पहिल्या महिन्यापासून एकदाही कापलेला नसतो! तेव्हा पहिल्या चेकबरोबरच डब्ल्यू-४एस द्या, नाहीतर १०४०-ईएस हा फॉर्म वापरून तिमाही टॅक्स भरा. सोशल सिक्युरिटीच्या लाभासाठी फॉर्म वेगळा आहे, डब्ल्यू-४व्ही. त्यात ७, १०, १२ किंवा २२ यांपैकीच एक टक्केवारी निवडता येते.

“सोशल सिक्युरिटीने मानलं की विमा कंपनीला मानावंच लागतं.” नाही. दोघांच्या व्याख्या वेगळ्या. विमा कंपनीने क्लेम नाकारला तर सोशल सिक्युरिटीच्या निर्णयाशी आपण का सहमत नाही, याची कारणं तिला पत्रात द्यावी लागतात, इतकंच. उलट बहुतेक ग्रुप पॉलिसींत सोशल सिक्युरिटीकडून मिळेल तेवढी रक्कम लाभातून वजा होते आणि सोशल सिक्युरिटीची मागची थकबाकी एकरकमी आली की विमा कंपनी ती परत मागते. ते पैसे लगेच खर्च करू नका. सोशल सिक्युरिटीच्या एसएसए-१०९९ या वार्षिक फॉर्मवर मात्र पूर्ण रक्कम तुमच्याच नावावर दिसते. अशा वेळी आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) पब्लिकेशन ९१५ मधल्या वर्कशीटने थकबाकीचा भाग त्या त्या वर्षाच्या उत्पन्नावर मोजता येतो, जुनी रिटर्न्स बदलावी लागत नाहीत. विमा कंपनीला परत दिलेल्या रकमेवर मागच्या वर्षी टॅक्स भरला असेल आणि ती ३,००० डॉलरच्या वर असेल, तर टॅक्स कायद्याच्या कलम १३४१ खालचं क्रेडिट टॅक्सवाल्याकडून मोजून घ्या.

“अपील सोडा, थेट कोर्टात जा.” नोकरीतल्या बहुतेक ग्रुप पॉलिसींना १९७४ चा एरिसा कायदा (नोकरीतून मिळणाऱ्या पेन्शन-विम्यासारख्या लाभांचा केंद्रीय कायदा) लागतो; सरकारी आणि चर्चच्या नोकऱ्या व स्वतः विकत घेतलेली पॉलिसी सहसा त्याबाहेर. एरिसाखाली आधी विमा कंपनीकडे अपील करावंच लागतं. नकाराचं पत्र हाती पडल्यापासून त्यासाठी १८० दिवस मिळतात. पुढे कोर्टात न्यायाधीश साधारणपणे अपिलापर्यंत फाइलमध्ये गेलेलेच कागद पाहतात, ज्युरी सहसा नसते. म्हणजे खरी लढाई अपिलातच होते. तरीही लोक रागाच्या भरात दोन ओळींचं अपील पाठवून मोकळे होतात. त्याऐवजी आधी लेखी मागणी करून संपूर्ण क्लेम फाइल मागवा. ती फुकट द्यावी लागते. कंपनीच्या डॉक्टरने काय लिहिलंय ते वाचा आणि आपल्या डॉक्टरकडून त्याला नेमकं उत्तर घ्या. ‘पेशंट काम करू शकत नाही’ या एका ओळीला किंमत नसते. सलग किती मिनिटं बसता येतं, किती पौंड उचलता येतात, औषधांनी गुंगी किती तास राहते, महिन्यात किती दिवस अंथरुणात जातात, हे आकड्यांत आणि तपासण्यांच्या आधाराने यायला हवं. नोकरीचं जॉब डिस्क्रिप्शनही जोडा. पुष्कळ पॉलिसींत २४ महिन्यांनंतर ‘स्वतःचं काम’ ही कसोटी बदलून ‘कोणतंही काम’ अशी होते आणि चालू लाभ त्याच सुमारास बंद केले जातात. त्या तारखेच्या आधीच नवे रिपोर्ट तयार ठेवा.

अपिलावर निर्णयासाठी विमा कंपनीला ४५ दिवस असतात, खास कारण दाखवून आणखी ४५ घेता येतात. तेही फेटाळलं तर त्या पत्रात कोर्टात जाण्याची पॉलिसीतली शेवटची तारीख असायला हवी. ती मुदत नकारापासून मोजली जाईल असं धरून चालू नका. २०१३ मध्ये हाईमशॉफ खटल्यात सुप्रीम कोर्टाने पुराव्याचे कागद द्यायच्या तारखेपासून मोजलेली तीन वर्षांची मुदत ग्राह्य धरली. अपिलात गेलेले महिने तिच्यातूनच खर्ची पडतात.